पेत्रोपाव्लोव्स्क ते मॉस्को : शून्य मिनिटे

रिम्मा येगोरोव्हना सोखोवा हिने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दहा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. त्या अर्जातून पृथ्वीच्या भ्रमणाबद्दल शासकीय वाद उभा राहील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. कारण अगदी घरगुती होतं. तिची मुलगी उल्याना मॉस्कोत बाळंत व्हायची होती आणि डॉक्टरांनी चौदा तारीख दिली होती. पहिलटकरीण, सासू हयात नाही, आणि जावई तिखोन स्वभावाने भला असला तरी रक्त दिसलं की आधी स्वतःसाठी खुर्ची शोधणारा. प्रसूतीच्या वेळी हात धरायला येईन, असं रिम्माने मुलीला कबूल केलं होतं.

रिम्मा कामचात्काच्या किनाऱ्यावर, पेत्रोपाव्लोव्स्क शहरातल्या लाटमापन कार्यालयात एकवीस वर्षं नोकरीला होती. काम सरळ होतं. दर तीन तासांनी यंत्राकडे आणि खात्री म्हणून खिडकीबाहेर पाहायचं, लाटेची उंची वहीत लिहायची आणि आकडा मॉस्कोच्या मुख्यालयाला कळवायचा. मॉस्कोत समुद्र नसल्यामुळे तिथे या आकड्यांची फार कदर होती.

अर्ज आस्थापना विभागाच्या इन्नोकेंती प्लातोनोविचच्या टेबलावर गेला. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झालं तर तो सगळ्यांच्या आधी पोचायचा, शवपेटीला खांदा द्यायचा, विधवेला स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत मागायचा. दोन्ही गोष्टी तो सारख्याच मनापासून करत असे.

रजेला प्रवासाचे दिवस वेगळे जोडून मिळत. त्यासाठी अर्जात नववा रकाना होता : ‘प्रवासास लागणारा कालावधी’. रिम्माने तिथे ‘जाताना एक दिवस, येताना एक दिवस’ असं लिहिलं होतं. इन्नोकेंतीने तिला बोलावून घेतलं आणि जाण्याचा हा एक दिवस कुठून आला, अशी विचारणा केली. ती म्हणाली की विमानालाच नऊ तास लागतात, शिवाय विमानतळावर पोचणं, तिथून शहरात जाणं वेगळंच.

“नऊ तास कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे सही करत नाहीत,” इन्नोकेंती म्हणाला.

त्याने तिचं तिकीट टेबलावर सरळ ठेवलं आणि पट्टीने ओळ दाखवली. निर्गमन, १४ मे, तेरा वाजून दहा मिनिटे. आगमन, १४ मे, तेरा वाजून दहा मिनिटे. मग नियमावली उघडली. नियम बारा : प्रवासाचा कालावधी म्हणजे तिकिटावरील आगमन व निर्गमन यांच्या वेळांतील फरक. त्याने वजाबाकी कागदावर करून दाखवली. उत्तर शून्य आलं, ते त्याने नवव्या रकान्यात भरलं, आणि ते चुकीचं आहे असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

रिम्माने शांतपणे सांगितलं की मॉस्कोची घड्याळं आपल्यापेक्षा नऊ तास मागे असतात, म्हणून असं दिसतं. ही गोष्ट कामचात्कात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इन्नोकेंतीलाही ठाऊक होती. तो लहानपणापासून रेडिओवर ऐकत आला होता : मॉस्कोत दुपारचे तीन, पेत्रोपाव्लोव्स्कला मध्यरात्र.

“ते मला रेडिओ म्हणून माहीत आहे,” तो म्हणाला. “कागद म्हणून नाही.”

दहाव्या रकान्यात अंतर होतं, सहा हजार सातशे ऐंशी किलोमीटर. त्याबद्दल दुमत नव्हतं. अकराव्या रकान्यात सरासरी वेग भरायचा होता, म्हणजे अंतराला कालावधीने भागायचं. इन्नोकेंतीने गणकयंत्रावर आकडे दाबले. यंत्राने नुसती एक आडवी रेघ दाखवली. त्याने पुन्हा दाबले, मग शेजारच्या टेबलावरून दुसरं यंत्र मागून आणलं, त्यानेही तेच केलं. शेवटी त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘गणकयंत्राने उत्तर देण्यास नकार दिला. बाब विमान कंपनीच्या अखत्यारीतील असल्याने येथे भाष्य नाही,’ आणि शिक्का मारला.

रिम्माला त्या दिवशी हसूच आलं. शेजारच्या टेबलावरच्या ग्लाफिराला तिने चहाच्या वेळी सगळं रंगवून सांगितलं. ग्लाफिराही पोट धरून हसली. एक दिवस कमी मिळाला तर मिळाला, म्हणाली, बाळ थोडंच तारीख पाहून येतं.

दोन दिवसांनी मंजुरीचा आदेश आला, तेव्हा हसू थांबलं. त्यात लिहिलं होतं की प्रवासाला वेळ लागत नसल्याने चौदा तारखेचा कामाचा दिवस पूर्ण उपलब्ध राहतो. विमानतळ तीस किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेऊन कर्मचाऱ्याने सकाळी दहापर्यंत येथे काम करावे. दहा ते एकची सूट सहानुभूतिपूर्वक देण्यात येत आहे. एक ते दोन ही सर्वांचीच जेवणाची सुट्टी असते. दुपारी दोन वाजता कर्मचाऱ्याने मॉस्को येथील मुख्यालयात हजर होऊन उर्वरित चार तास भरावेत. शेवटी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, ‘मुख्यालय मॉस्कोतच असल्याने यात कर्मचाऱ्याची सोयही पाहिली गेली आहे.’ रजा पंधरा तारखेपासून सुरू होणार होती.

रिम्मा आदेश घेऊन कार्यालयप्रमुख अर्सेनी ल्वोविचकडे गेली. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढ्या काळापुरतं त्याने एक तत्त्व ठरवलं होतं : कशावर सही करायची नाही आणि कशाला नाहीही म्हणायचं नाही. त्याने आदेश दोनदा वाचला, खिडकीबाहेर ज्वालामुखीकडे पाहिलं, आणि म्हणाला की जाऊन बसा थोडा वेळ, चार तास म्हणजे काय, नातवाला काय कळतंय आजी किती वाजता आली ते. रिम्माला बोलायचं बरंच होतं. पण आदेश नाकारला तर रजाच रद्द होणार होती, आणि तिकडे उल्याना रोज फोनवर विचारत होती, “आई, निघतेस ना नक्की?”

चौदा तारखेला रिम्माने सकाळी नऊ वाजता लाट मोजली. एक मीटर वीस. वहीत लिहिली, सही केली आणि दहा वाजता सूटकेस ओढत निघाली. सूटकेसमध्ये लाल माशाच्या अंड्यांची तीन लिटरची बरणी होती, दोन धुरावलेले मासे होते आणि बाळासाठी तिने विणलेली टोपी होती.

विमान वेळेवर सुटलं. सूर्य खिडकीत जिथे होता तिथेच नऊ तास राहिला. खाली आधी समुद्र, मग बर्फ, मग जंगल, मग आणखी जंगल. दोनदा जेवण आलं. शेजारचा खलाशी तीन वेळा झोपून तीन वेळा उठला. रिम्माला मात्र डोळा लागेना. आपण इथे दुपारच्या एका मिनिटात अडकून बसलोय आणि तिकडे पोरगी कळा देतेय, हे तिला मनातून काढता येईना. गुडघे आखडले, पाय सुजले आणि बूट चढेनासे झाले. एक वाजून दहा मिनिटांनी सुटलेलं विमान एक वाजून दहा मिनिटांनी मॉस्कोत उतरलं.

फोन सुरू केला तर तिखोनचा निरोप होता. सकाळी नऊ चाळीसला मुलगा झाला. तीन किलो सहाशे. दोघंही छान. मी थोडा पडलो होतो, आता ठीक आहे.

सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहून रिम्मा रडली. आनंद होता, हातही धरता आला नव्हता, दोन्ही एकदमच डोळ्यांतून आलं. शेजारच्या गृहस्थाला वाटलं की हिचं सामान हरवलं. त्याने आपली बॅग हळूच जवळ ओढून घेतली. मग रिम्माने डोळे पुसले, सूटकेस घेतली आणि मुख्यालयाकडे निघाली.

मुख्यालयात ती पावणेचारला पोचली. पहारेकऱ्याला प्रवेशपत्र हवं होतं. ते मिळेपर्यंत चार वाजले. हजेरी विभागातल्या बाईंना तिला कुठे नोंदवावं ते समजेना. पाहुण्यांच्या वहीत नोंदवावं तर ती कर्मचारी होती, कर्मचाऱ्यांच्या वहीत नोंदवावं तर तिला टेबल नव्हतं. बऱ्याच चौकशीनंतर त्यांनी ‘दोन तास उशीर’ एवढं लिहून घेतलं, कारण त्याला टेबलाची गरज नव्हती, आणि तिला व्हरांड्यात एक खुर्ची दिली. खुर्चीच्या वर भिंतीला लाटेचा एक मोठा फोटो टांगलेला होता. रिम्मा त्याखाली सूटकेस धरून सहा वाजेपर्यंत बसली. या काळात तिच्याशी एकच माणूस बोलला. झेरॉक्सच्या यंत्राची दुरुस्ती करायला आलेल्या तुम्हीच का, असं त्याने विचारलं.

प्रसूतिगृहाची भेटीची वेळ सहाला संपत होती. ती सात वाजता पोचली. मेमधला लांबलचक दिवस, अजून लख्ख उजेड होता. इमारतीच्या खाली जुन्या रिवाजाप्रमाणे माणसं माना वर करून उभी होती. हातात फुगे घेतलेले बाप, शिट्ट्या वाजवणारे मित्र, फुलं घेऊन आलेली एक म्हातारी. रिम्मा त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि फोन केला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उल्याना आली. तिच्या हातात एक गाठोडं होतं. एवढ्या लांबून बाळ आणि गुंडाळलेला टॉवेल यांत फरक करता येत नव्हता, पण रिम्मा त्या गाठोड्याकडे पाहून हात हलवत राहिली.

“आई, विमान तर एकला उतरलं होतं,” उल्याना फोनवर म्हणाली. “होतीस कुठे?”

“ऑफिसात.”

वर खिडकीत उल्यानाने गाठोडं दुसऱ्या हातावर घेतलं.

“कुठल्या ऑफिसात?” तिने विचारलं.

पुढचे दहा दिवस मात्र चांगले गेले. बाळाचं नाव साव्वा ठेवलं. त्याला अंघोळ कशी घालायची, पोटात मुरडा आला तर कसं पालथं धरायचं, हे रिम्माने मुलीला शिकवलं, आणि जावयाला डोळे उघडे ठेवून लंगोट बदलायला शिकवलं. चोवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या विमानाने ती निघाली आणि पंचवीस तारखेला सकाळी साडेदहाला परत कामचात्कात उतरली.

रजेचं कारण खरं होतं, याचा पुरावा म्हणून तिने प्रसूतिगृहाच्या दाखल्याची प्रत जोडली. इन्नोकेंतीने आधी मनापासून अभिनंदन केलं. बाळाचं वजन, उंची, डोळ्यांचा रंग विचारला, फोटो पाहिला, नाक तुमच्यावर गेलंय म्हणाला. मग चष्मा लावून दाखला वाचला. त्याचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. त्याने कपाटातून हजेरीपट आणि लाटांची वही काढली.

“चौदा तारीख, सकाळी नऊ चाळीस,” तो म्हणाला. “त्या वेळी तुम्ही कुठे होतात?”

“विमानात.”

“वहीप्रमाणे तुम्ही टेबलाशी होतात. नऊ वाजताची लाट तुमच्या हातची आहे. दहा वाजता तुम्ही कार्यालय सोडलंत. म्हणजे बाळ जन्मल्यावर वीस मिनिटांनी.” तो क्षणभर थांबला, कारण पुढचं वाक्य त्यालाही जड जात होतं. “रिम्मा येगोरोव्हना, झालेल्या प्रसूतीसाठी रजेवर जाता येत नाही.”

रिम्मा म्हणाली की मी विमानात बसले तेव्हा मॉस्कोत पहाटेचे चार वाजले होते, बाळ त्यानंतर साडेपाच तासांनी झालं, मी तेव्हा सैबेरियाच्या डोक्यावर होते. इन्नोकेंतीने दाखला उलटसुलट करून पाहिला. वेळ कुठल्या शहराची, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सैबेरियाचाही उल्लेख नव्हता. दहा दिवसांच्या रजेला कारण उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय झालेल्या अनुपस्थितीला नियमावलीत एकच नाव होतं : विनापरवानगी गैरहजेरी. त्याने तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला.

रिम्माने खुलासा एका बैठकीत लिहिला. ‘पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सूर्य आमच्याकडे आधी उगवतो व मॉस्कोत नऊ तासांनी उगवतो. ही व्यवस्था मी नोकरीस लागण्यापूर्वीपासून चालू असून तीत माझा हात नाही.’

इन्नोकेंतीने तो उभं राहून वाचला.

“विधान बरोबर असावं,” तो म्हणाला. “पण पृथ्वीच्या फिरण्याला मान्यता देण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही.”

त्याने सगळी कागदपत्रं क्रमाने लावली, पानांना आकडे दिले आणि फाइल मार्गदर्शनासाठी मुख्यालयाला पाठवली.

मुख्यालयात फाइल सहसा कुणी वाचत नाही, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. ही फाइल मात्र नव्यानेच नोकरीला लागलेल्या एका अधिकाऱ्याच्या हाती पडली आणि त्याने ती अथपासून इतिपर्यंत वाचली. पृथ्वीवर त्याने काहीच म्हटलं नाही. त्याची नजर नवव्या रकान्यावर थांबली. पेत्रोपाव्लोव्स्क ते मॉस्को, शून्य मिनिटे. खाली सही, शिक्का.

लाटमापन कार्यालयातल्या सगळ्यांना वर्षाकाठी चोवीस दिवसांची जादा रजा मिळत असे, कारण ते दूरवरच्या प्रदेशात राहत होते. तीन आठवड्यांत आदेश आला. ‘सदर कार्यालय मुख्यालयापासून शून्य मिनिटांच्या अंतरावर असल्याचे त्याच कार्यालयाच्या शिक्क्यानिशी सिद्ध झाले आहे. मॉस्कोतील कर्मचाऱ्यांना स्वतःच्या घरून मुख्यालयात पोचण्यास सरासरी एक तास वीस मिनिटे लागतात. त्या तुलनेत कामचात्का येथील कर्मचारी मुख्यालयाच्या अधिक जवळ राहत असल्याचे दिसून येते. सबब दूरस्थ प्रदेशाची जादा रजा तात्काळ बंद करण्यात येत आहे.’

जून संपत आला होता. नद्यांमध्ये सॅमन मासा चढायला लागायची ही वेळ. सगळं कार्यालय वर्षभर या चोवीस दिवसांकडे डोळे लावून बसलेलं असे. कुणाला जाळी टाकायची होती, कुणाला शहराबाहेरच्या झोपडीला छप्पर घालायचं होतं, कुणाला बटाट्यांना माती लावायची होती. आदेश सूचनाफलकावर लागला.

इन्नोकेंतीला कुणी बोल लावला नाही. त्याने फक्त वजाबाकी केली होती. प्रवास रिम्माने केला होता. तिला पाहून लोक जिन्यात बाजूला होऊ लागले. ग्लाफिराने चहाची किटली उचलून पलीकडच्या टेबलावर नेली, ती किटली दोघींनी मिळून घेतलेली असतानाही.

“जायचंच होतं तर गुपचूप जायचंस,” ग्लाफिरा म्हणाली. “सगळ्यांच्या रजेवर नांगर फिरवून काय मिळालं तुला?”

बारा वाजताची लाट मोजायची वेळ झाली होती. ती रिम्माने मोजली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला आकडा खोडून पुन्हा लिहावा लागला.

आठवडाभराने इन्नोकेंती तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. एकवीस वर्षांत तो आपलं टेबल सोडून कुणाकडे आल्याचं तिला आठवत नव्हतं. लोकच त्याच्याकडे जात. तो दर वर्षी जुलैमध्ये चोवीस दिवस नदीकाठच्या एका खोपट्यात एकटा राहायचा, मासे पकडायचा आणि कुणाशी एक अक्षरही बोलायचा नाही. उरलेलं वर्ष तो त्या चोवीस दिवसांवर काढत असे. नियम त्याच्या स्वतःच्या घरात शिरण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

“रिम्मा येगोरोव्हना,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुमचा तो पृथ्वीचा खुलासा. त्याची एखादी प्रत आहे का तुमच्याकडे?”

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि तिने खण उघडून प्रत काढली.

दोघांनी मिळून तीन दुपारी अपील लिहिलं. पृथ्वीचा मुद्दा परिशिष्टात टाकला. मुख्य आधार म्हणून इन्नोकेंतीने परतीचं तिकीट जोडलं. निर्गमन, २४ मे, सतरा वाजता. आगमन, २५ मे, साडेदहा वाजता. नियम बाराप्रमाणे फरक काढला तर साडेसतरा तास आले. अकराव्या रकान्यातल्या वेगाचं उत्तर गणकयंत्राने या वेळी बिनतक्रार दिलं. एवढ्या लांबच्या कार्यालयाला जवळचं कसं म्हणता येईल, असा प्रश्न शेवटी नम्रपणे विचारला होता. अर्सेनी ल्वोविचने अपिलावर सही केली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. व्हरांड्यात ही बातमी फिरली आणि दुसऱ्या दिवशी किटली आपल्या जागी परत आली. ग्लाफिराने सोबत ब्लूबेरीचा मुरंबा ठेवला.

परिपत्रक ऑगस्टच्या मध्याला आलं. तोवर मासे वर चढून गेलेले होते.

‘दोन्ही तिकिटे तपासण्यात आली व दोन्ही वजाबाक्या बरोबर आढळल्या,’ असं त्यात म्हटलं होतं. ‘सबब पेत्रोपाव्लोव्स्कहून मुख्यालय शून्य मिनिटांवर आहे, व मुख्यालयाहून पेत्रोपाव्लोव्स्क साडेसतरा तासांवर आहे, असे यापुढे मानण्यात यावे. मुख्यालयाने मागितलेली माहिती तेथून त्याच मिनिटास यावी. मुख्यालयाकडून तेथे जाणाऱ्या उत्तरास लागणारा विलंब अंतरामुळे होतो, हे ध्यानात घ्यावे. दूरस्थ प्रदेशाची जादा रजा पुन्हा सुरू करण्यात येत असून ती मुख्यालयातून तेथे दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांना लागू राहील. तेथील कायम कर्मचारी कोठेही गेलेले नसल्याने ते दूर आहेत असे मानता येणार नाही.’

खाली रिम्माबद्दल एक परिच्छेद होता. गैरहजेरीचा ठपका काढून टाकण्यात येत आहे. मात्र बाळ प्रस्थानापूर्वीच जन्मलेले असल्याने दहा दिवस विश्रांतीचे समजून वार्षिक रजेतून वजा करावेत.

इन्नोकेंतीने परिपत्रक दोनदा वाचलं, भोक पाडलं आणि फाइलला लावलं.

“भाषा चांगली आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात असूया होती की दुःख, ते रिम्माला ओळखता आलं नाही. त्या वर्षी तो फक्त रविवारी नदीवर गेला, आणि रविवारी तिथे इतकी माणसं असत की त्याला बोलावं लागे.

त्या शनिवारी रिम्मा घरी सगळ्या जगावर वैतागलेली होती. मागायचं असलं की आपण यांच्या उंबऱ्यात, आणि द्यायचं असलं की आपण जगाच्या टोकाला, असं ती भांडी घासता घासता स्वतःशीच बोलत होती. तेवढ्यात उल्यानाचा फोन आला. साव्वाला तीन महिन्यांतच खालचा दात दिसायला लागला होता. रिम्मा विरघळलीच. म्हणाली की सप्टेंबरात घेऊन ये त्याला, हवा सोन्यासारखी असते, समुद्र दाखवू, तुला ब्लूबेरी खाऊ घालू, माझी रजा तर संपली.

“आई, केवढं लांब आहे ते,” उल्याना म्हणाली. “एवढ्याशा बाळाला घेऊन रात्रभर विमानात? तूच ये ना. तुला काय, एक दहाला बसायचं, एक दहाला उतरायचं.”

रिम्माने बघू म्हटलं आणि फोन ठेवला. परिपत्रकातली ती शून्य मिनिटांची ओळ तिला तोंडपाठ होती. मॉस्कोतल्या पाण्यातच काही असावं, असं तिला वाटून गेलं.

तासाभराने पुन्हा फोन वाजला. आता कामचात्कातल्याच मिल्कोवो गावाहून तिची आई बोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी, कानाने अधू. पणतू झाल्याचं कळून तीन महिने झाले, फोटो काही अजून पाहायला मिळाला नाही, म्हणत होती. तिच्या जुन्या फोनवर चित्रं दिसत नसत. बटाटे काढायला झालेत, केक केलाय, उद्या येतेस का, फोटो घेऊन ये म्हणजे झालं.

रिम्माने कपाळावरचे केस मागे सारले.

“आई, मिल्कोवोला यायचं म्हणजे पाच तास बसमध्ये,” ती म्हणाली. “एका रविवारात जाणं-येणं कसं जमेल? एवढे लांब राहता तुम्ही लोक. त्यापेक्षा तूच ये ना. तुला काय, बसमध्ये बसलीस की झोप लागते, आणि डोळे उघडलेस की शहर.”

पलीकडे म्हातारीने पेन्सिल शोधली. मग तिने विचारलं, सकाळची बस किती वाजता सुटते.

परिपत्रक अद्याप रद्द झालेलं नाही. ते कुठल्या देशाला आणि कुठल्या खात्याला लागू आहे, याचा त्यात स्पष्ट उल्लेख राहून गेला आहे. तेव्हा वाचकांनी आपापल्या आईच्या गावाचं अंतर त्यानुसारच धरावं. बहुतेकांनी ते आधीपासून तसंच धरलेलं असल्याने वेगळ्या अर्जाची आवश्यकता नाही.